सहा सिलिंडरच्या स्पोर्ट्‌स कारची ताकद वाढवायची का? आधी काय तपासायचं, मग काय करायचं

मुंबईत सहा सिलिंडरची गाडी घेणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात वर्षभरात रिमॅपचा (ट्यूनचा), म्हणजे इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचा, विषय येतो. त्यात गैर काही नाही. क्रम मात्र जवळजवळ सगळ्यांचाच उलटा असतो. आधी ट्यून, मग मिसफायर झाला (ठिणगी चुकून इंजिन अडखळलं) म्हणून स्पार्क प्लग, मग चाकं घसरतात म्हणून टायर, आणि सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली की कागदपत्रं. या क्रमाने पैसे दुप्पट जातात आणि कधीकधी इंजिनही जातं.

माझं ठाम मत असं आहे: नवी ताकद विकत घेण्याआधी, गाडी आज जी ताकद वाया घालवते आहे ती परत मिळवा. मुंबईची उष्णता, पंपावरचं पेट्रोल, जुने प्लग आणि थकलेले टायर यांमुळे कंपनीने दिलेली पूर्ण ताकद रस्त्यावर बहुतेकदा उतरतच नाही. खालचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत. एकही टप्पा ओलांडू नका, आणि जिथे ‘थांबा’ लिहिलं आहे तिथे खरोखर थांबा.

टप्पा १: टर्बो आहे की नाही, यावर अर्धा निर्णय होतो

टर्बो म्हणजे इंजिनात जास्त दाबाने हवा भरणारी यंत्रणा, आणि तो जास्तीचा दाब म्हणजे बूस्ट. टर्बो असलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात (बीएमडब्ल्यू एम३४०आय किंवा झेड४ एम४०आयमधलं बी५८, ऑडी एस५चं व्ही-सिक्स) संगणक बूस्ट वाढवू शकतो. म्हणजे तेवढ्याच सीसीमध्ये जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त टॉर्क (चाकं फिरवणारा जोर). म्हणूनच नुसत्या सॉफ्टवेअरने अशा गाडीत ठळक फरक पडतो. बी५८चा ब्लॉक क्लोज्ड-डेक (सिलिंडरना वरून भक्कम आधार असलेला) आणि क्रँकशाफ्ट फोर्ज्ड (धातू ठोकून घडवलेला) आहे, त्यामुळे त्यात सहनशक्ती शिल्लक असते.

टर्बो नसलेलं इंजिन, उदाहरणार्थ पोर्श ७१८ जीटीएस ४.० मधलं फ्लॅट-सिक्स (समोरासमोर आडवे सहा सिलिंडर), वातावरणाच्या दाबावरच श्वास घेतं. तिथे वाढवायला बूस्टच नाही. कारखान्याने टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आधीच काठावर आणून ठेवलेलं असतं. रिमॅपने हाती येणारी वाढ इतकी छोटी असते की स्टिअरिंगवर बसून ती ओळखू येत नाही. तरीही लोक एअर फिल्टर, एक्झॉस्ट आणि रिमॅप असं पॅकेज घेतात आणि वाढलेल्या आवाजालाच वाढलेली ताकद समजतात. तुमची गाडी या गटातली असेल तर माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे. टप्पे ४, ५ आणि ६ करा आणि उरलेले पैसे ट्रॅकवर चालवायला शिकण्यात घाला.

टप्पा २: गाडी कुठे चालते ते कागदावर लिहा

गेल्या महिन्यात गाडी कुठे कुठे गेली ते लिहून काढा. वांद्रे-वरळी सी लिंकवर वेगमर्यादा ८०. कोस्टल रोडवर सरळ भागात ८०, बोगद्यात ६०, वळणांवर आणि चढ-उताराच्या मार्गांवर ४०. अटल सेतूवर १००. पुणे एक्सप्रेसवेवर सपाट भागात १००, घाटात त्याहून बरीच कमी, आणि सगळीकडे कॅमेरे. ३८० च्या आसपास हॉर्सपॉवर असलेली गाडी १०० चा वेग पाच सेकंदांच्या आत गाठते. म्हणजे शहरात आजची ताकद वापरायलाही पाच सेकंदांपेक्षा जास्त जागा मिळत नाही.

यादीत नव्वद टक्के शहर आणि एक्सप्रेसवे असेल तर तुम्हाला हवी ती गोष्ट बहुधा जास्त ताकद नसते. पाय दाबल्यावर गाडीने लगेच उठावं, एवढंच हवं असतं. ते बऱ्याचदा ड्राइव्ह मोड, टायर आणि इंजिनच्या तब्येतीतून मिळतं. यादीत चेन्नईजवळचा ट्रॅक, कोइंबतूरचा कारी, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट किंवा ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीसारख्या ठिकाणी भरणाऱ्या ड्रॅग स्पर्धा असतील, आणि खरंच नियमित असतील, तर ताकदीचा विचार योग्य आहे. पण ट्रॅकवरही ब्रेक आणि कूलिंग आधी, ताकद नंतर.

टप्पा ३: कायदा, वॉरंटी, विमा

हा भाग लोक शेवटी ठेवतात. तो पैसे देण्याआधीचा आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आवाज आणि धूर यांसाठी कलम १९०(२) वेगळं आहे: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र.

यातून दोन गोष्टी निघतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाकणारा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) आणि रिकामा सायलेन्सर रस्त्यावरच्या गाडीला लावायचाच नाही. त्यात वाद नाही. म्हणजे ‘स्टेज टू’ (सॉफ्टवेअरसोबत असे सुटे भाग) म्हणून जे विकलं जातं ते मुंबईत नंबरप्लेट लावून फिरणाऱ्या गाडीसाठी इथेच बाद होतं. आणि नुसतं सॉफ्टवेअर बाहेरून दिसत नाही म्हणून ते चालतं, असं धरून चालू नका. बदलाबद्दल आपल्या आरटीओला (ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, जिथे नोंदणी असेल तिथे) लेखी विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर ते ट्रॅकवरच्या गाडीचं काम समजा.

विमा कंपनीलाही ईमेल करा. फोनवरचं ‘हो सर, चालेल’ दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. न कळवलेला बदल हे दावा नाकारण्याचं सरळ कारण ठरू शकतं. शिवाय नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणून ट्रॅकवर झालेलं नुकसान खिशातून जाईल हे गृहीत धरा.

> थांबा. गाडी वॉरंटीत असेल तर ती संपेपर्यंत ट्यून करू नका. ‘सर्व्हिसच्या आधी मूळ फाइल (कंपनीचं सॉफ्टवेअर) परत टाकतो’ ही युक्ती टिकत नाही. संगणकात फ्लॅशच्या (सॉफ्टवेअर भरल्याच्या) नोंदी राहतात. सेन्सरचे सिग्नल बदलून संगणकाला फसवणारा पिगीबॅक बॉक्स काढून ठेवला तरी इंजिनने नोंदवलेले बूस्टचे आणि लोडचे आकडे मागे उरू शकतात.

टप्पा ४: इंजिनची तब्येत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ट्यून इंजिनातला दोष बरा करत नाही, तो लवकर उघडा पाडतो.

पहिलं काम, सहाही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येकात किती दाब तयार होतो ते मोजणं). आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. एखादं सिलिंडर मागे असेल तर लीकडाउन टेस्ट करून हवा कुठून जाते ते पाहा: ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंग, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. यांपैकी काहीही निघालं तर ट्यूनचा विषय बंद, आधी दुरुस्ती.

दुसरं, स्मोक टेस्ट. इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधतात. टर्बोपासून इंजिनपर्यंतचा पाइप बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचा असतो आणि उष्णतेने जुना होतो. बारीक चीर असली तरी गाडी चालते, कारण संगणक टर्बोला जास्त फिरवून तूट भरून काढतो. बूस्ट वाढवलं की तीच चीर फाटते.

तिसरं, स्पार्क प्लग आणि कॉइल. सहाही प्लग काढून क्रमाने मांडा. एखाद्याचा रंग वेगळा असेल, पोर्सेलिनवर काळे किंवा चमकते ठिपके असतील, तर त्या सिलिंडरमध्ये नॉकिंग (इंधन आपोआप पेटून इंजिनला बसणारे ठोके) किंवा ऑइल आहे. बूस्ट वाढला की ठिणगीला उडी मारणं जड जातं, म्हणून ट्यूनसाठी प्लगची गॅप (ठिणगीला ओलांडायचं अंतर) कमी ठेवतात. किती, ते ट्यूनरकडून विचारून घ्या आणि फीलर गेजने स्वतः मोजा. डब्यातून काढलेले प्लग तसेच लावणं ही फार नेहमीची चूक आहे, आणि पाच-सहा हजार आरपीएमवर गाडी अडखळण्याचं कारण बहुतेकदा तीच असते.

चौथं, कार्बन. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही. त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर ऑइलच्या वाफेचा थर चढतो. बांधकामाची धूळ आणि तासन्‌तास आयडलवर उभी राहणारी गाडी, दोन्ही मुंबईत भरपूर. बोरस्कोपने (बारीक कॅमेऱ्याने) पाहा. थर जाड असेल तर अक्रोडाच्या कवचाच्या चुऱ्याने व्हॉल्व्ह साफ करतात, ते करून घ्या. टाकीत ओतायची बाटली इथे काही करू शकत नाही, कारण ते पेट्रोल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही.

मग ऑइल आणि कूलंटच्या गळत्या, इंजिन माउंट आणि गिअरबॉक्स. झेडएफ कंपनीच्या आठ गिअरच्या बॉक्सला ‘आजन्म ऑइल’ असं विकताना सांगितलं जातं. पण खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान ऑइल बदलायला सांगते. ट्यून करायची असेल तर मी ८०,००० चीही वाट पाहणार नाही.

> तपासा: कॉम्प्रेशनचे सहा आकडे, स्मोक टेस्टचा निकाल, प्लगचे फोटो, एरर कोडची प्रिंट. हे चारही हातात नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ५: टायर, ब्रेक, उष्णता

टायरच्या कडेवरच्या चार अंकांत वय लिहिलेलं असतं. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीत नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. असे टायर ५०० न्यूटन-मीटरचा टॉर्क आजच पेलत नाहीत. ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा पावसाळ्याबाहेरही लुकलुकत असेल तर जास्त ताकदीने तो दिवा जास्त वेळ लुकलुकेल, गाडी पुढे जाणार नाही.

गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १०० ऐवजी १२० वरून थांबायचं तर ब्रेकना ४४ टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते. डॉट-४ ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश सेल्सिअस, आणि ओलावा शोषल्यावर १५५. आपल्याकडे चार महिने हवेतच पाणी असतं, म्हणून दोन वर्षांची मुदत इथे ताणू नका. पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल, या क्रमाने पाहा. मोठे रंगीत कॅलिपर त्यानंतर, आणि तेही गरज असली तरच.

राहिली उष्णता. साकीनाक्याच्या सिग्नलवर वीस मिनिटं उभी राहिलेली टर्बो गाडी मोकळी वाट मिळताच दाबली, की पहिली झेप मरगळलेली वाटते. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) आणि बॉनेटखालची हवा तापलेली असते, इंजिनमध्ये गरम हवा जाते, नॉकिंग टाळायला संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद घटते. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या पंखांमधली धूळ-किडे कमी दाबाच्या पाण्याने काढा, पंखा आणि थर्मोस्टॅट तपासा. बी५८मध्ये इंटरकूलर पाण्यावर चालतो, त्यामुळे त्याच्या वेगळ्या कूलंटची पातळी आणि पंपही पाहा. हे बरीच गॅरेजेस विसरतात. उघडा ‘कोन’ एअर फिल्टर मात्र टाळा. नीट झाकलेला नसेल तर तो बॉनेटखालचीच गरम हवा ओढतो.

टप्पा ६: पेट्रोल, आणि ऑक्टेनच्या आकड्यांचा गोंधळ

ऑक्टेन म्हणजे नॉकिंग टाळण्याच्या पेट्रोलच्या क्षमतेचा आकडा. पोर्शची फ्लॅट-सिक्स इंजिनं ९८ ऑक्टेन मागतात. तुमच्या गाडीचं काय, ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. कमी ऑक्टेन घातलं तर इंजिन लगेच बिघडत नाही, नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतो आणि तुम्ही विकत घेतलेली ताकद गुपचूप कमी होते. मुंबईत निवडक पंपांवर ९५ च्या वरचं, अगदी १०० ऑक्टेनचंही पेट्रोल मिळतं. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० पासून इथे आहे. तुमच्या रोजच्या वाटेवर ते नक्की मिळतं का, पंपावर जाऊन पाहा.

आता सर्वांत महाग पडणारी चूक. परदेशातून विकत घेतलेल्या तयार फाइलवर ‘९३ ऑक्टेन’ असं लिहिलेलं असतं. माणूस म्हणतो, मी तर ९५ घालतो, म्हणजे दोन आकड्यांची शिल्लकच आहे. पण अमेरिकेत ऑक्टेन वेगळ्या पद्धतीने मोजतात. त्यांचं ९३ म्हणजे आपल्या मोजणीत साधारण ९८, आणि त्यांचं ९१ म्हणजे साधारण ९५-९६. ९३ ची फाइल आपल्या ९५ वर चालवली की भर उन्हात नॉकिंग ठरलेलं.

दुसरी बाब इथेनॉलची. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी सुमारे नऊ टक्के जास्त इंधन. बूस्ट वाढवल्यावर पेट्रोलचा पंप आधीच ताणलेला असतो, त्यात ही भर पडते. फाइल बनवणाऱ्याला तुम्ही कोणत्या पंपावर, किती इथेनॉलचं पेट्रोल भरता ते सांगा.

> थांबा. टप्पे ४, ५ आणि ६ करून महिनाभर गाडी चालवा. ट्यूनचा विषय काढू नका. बऱ्याच जणांची ताकदीची तक्रार इथेच मिटते, आणि ती मिटली असेल तर हा लेख तुमच्यापुरता इथे पूर्ण झाला.

टप्पा ७: मूळ गाडीचं मोजमाप

अजूनही करायचं असेल तर आधी मोजा. मूळ गाडीचा डायनो ग्राफ (डायनो म्हणजे गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) नसेल तर नंतरच्या ग्राफला काही अर्थ नाही.

चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चार चाकांचाच डायनो हवा. समोर मोठा पंखा हवा, घरगुती पेडेस्टल नव्हे. लागोपाठ तीन रन घ्या. पहिला चांगला आणि तिसरा पडलेला असेल तर तुम्हाला कूलिंगची अडचण आहे. करेक्शन फॅक्टर (हवामानाप्रमाणे आकडा दुरुस्त करणारा गुणक) कोणता लावला ते कागदावर लिहून घ्या आणि ट्यूननंतरही तोच लावायला सांगा. नुसता फॅक्टर बदलून आकडा काही टक्क्यांनी फुगवता येतो. आकडा चाकांवरचा की क्रँकवरचा (थेट इंजिनचा), हेही लिहून घ्या.

ग्राफ खरा आहे का, ते घरी तपासता येतं. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७,०२३, म्हणजे त्या क्षणाची मेट्रिक हॉर्सपॉवर. ५०० न्यूटन-मीटर ५,००० आरपीएमवर असेल तर उत्तर ३५६ यायला हवं. येत नसेल तर स्पष्टीकरण मागा.

त्याच वेळी ओबीडीमधून (गाडीच्या संगणकाला जोडायच्या सॉकेटमधून) नोंदी घ्या: प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग करेक्शन, इनटेक हवेचं तापमान, मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट, रेल प्रेशर (इंजेक्टरना मिळणाऱ्या इंधनाचा दाब), लॅम्ब्डा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण).

> इशारा: पूर्ण थ्रॉटलच्या नोंदी डायनोवर किंवा ट्रॅकवरच घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत गेलात तरी गाडी १०० च्या पुढे जाते. पाम बीच रोड ही चाचणीची जागा नाही.

टप्पा ८: ट्यूनरची निवड आणि ट्यूनचा दिवस

जो ट्यूनर तुमच्या नोंदी मागत नाही आणि फोनवरच ‘इतके हॉर्सपॉवर वाढतील’ असं सांगतो, त्याच्याकडे जाऊ नका. चांगला ट्यूनर आधी प्लग, पेट्रोल आणि गळत्यांबद्दल विचारतो. त्याला तीन प्रश्न विचारा: गिअरबॉक्सची टॉर्क मर्यादा फाइलमध्ये कशी सांभाळली आहे? नॉक कंट्रोल आणि तापमानाची संरक्षणं जशीच्या तशी आहेत का? मूळ फाइल मला देणार का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘थोडी सैल केली आहेत’ असं आलं तर उठा.

२०२० च्या मध्यापासून बनलेल्या बीएमडब्ल्यूंचा इंजिन संगणक कारखान्यातूनच कुलूपबंद येतो. तो उघडण्यासाठी कधी काढून बाहेर पाठवावा लागतो. तेवढे दिवस गाडी उभी राहील, आणि संगणक वाटेत हरवला किंवा बिघडला तर जबाबदारी कोणाची, हे आधी लिहून घ्या.

फ्लॅश करताना बॅटरीला स्थिर सप्लाय जोडलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर संगणक निकामी होऊ शकतो. साधा चार्जर पुरत नाही.

आणि मागणी माफक ठेवा. टॉर्क खालच्या आरपीएमवर एकदम उभा करणारी फाइल शहरात मजेदार वाटते, पण कनेक्टिंग रॉड आणि गिअरबॉक्सवर सगळ्यात वाईट ताण तिथेच येतो. टॉर्क हळू चढू द्या, ताकद वरच्या आरपीएमला घ्या.

टप्पा ९: ट्यूननंतरची पडताळणी

तोच डायनो, तोच फॅक्टर, तेच पेट्रोल, शक्यतो त्याच वेळेला. मग त्याच नोंदी, आधीच्या शेजारी ठेवून. एकाच सिलिंडरचं टायमिंग वारंवार मागे जात असेल तर त्या सिलिंडरचा प्लग, कॉइल, इंजेक्टर पाहा. सगळ्या सिलिंडरचं जात असेल तर पेट्रोल किंवा उष्णता. मागितलेल्या बूस्टपेक्षा मिळालेलं सतत कमी असेल तर गळती. रेल प्रेशर वरच्या आरपीएमला कोसळत असेल तर इंधन पुरत नाही, तिथे फाइल खाली आणायलाच लावा. ‘चालून जाईल’ हे उत्तर घेऊ नका.

पीयूसी लगेच करून घ्या. हाय आयडलला (उभ्या गाडीचे आरपीएम वाढवून) लॅम्ब्डा ०.९७ ते १.०३ मध्ये बसायला हवा. बसत नसेल तर फाइलमध्ये चूक आहे.

ही पडताळणी जानेवारीत केली असेल तर मे महिन्यात पुन्हा करा. गारव्यात निर्दोष असलेली फाइल मेच्या उकाड्यात वेगळी वागते.

टप्पा १०: त्यानंतरची देखभाल

इंजिन ऑइलची मुदत कंपनीने सांगितलेल्याच्या निम्मी करा. प्लगही लवकर बदला. थंड इंजिनवर पाय दाबू नका. कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल अजून थंड असतं, म्हणून ऑइलचं तापमान पाहा. जिथे नेहमीचं पेट्रोल मिळणार नाही अशा प्रवासाला (कोकणात आत उतरल्यावर हे हमखास होतं) निघण्याआधी कमी ऑक्टेनची फाइल किंवा मूळ फाइल टाकून घ्या.

सर्व्हिस सेंटरला गाडी देताना जॉब कार्डवर ‘मालकाला विचारल्याशिवाय सॉफ्टवेअर अपडेट करू नये’ असं लिहून घ्या. अपडेट झालं तर ट्यून पुसली जाते, आणि संगणक पुन्हा कुलूपबंदही होऊ शकतो.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, मूळ फाइल, सगळे ग्राफ आणि बिलं एका खोक्यात जपून ठेवा. गाडी विकताना मूळ फाइल परत टाका आणि तरीही गाडी ट्यून झाली होती हे विक्रीच्या कागदावर लिहून द्या, कारण पुढच्या मालकाला गिअरबॉक्स आणि टर्बो तपासून घ्यायची संधी त्यानेच मिळते.